करार बदलला त्या दिवशी

शिवरात्रीचा उपास सोडायला वीरेश आला तो रिकाम्या हातानं आला नाही. अप्पांसाठी कपिलधारची विभूती, पुतणीसाठी औरंगाबादहून पुस्तकं आणि थोरल्या भावासाठी शर्टाचं कापड, असं सगळं त्यानं बैठकीत मांडून ठेवलं. धाकटा दीर इतकं घेऊन येतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं, हे कावेरीला संसारात केव्हाच पाठ झालं होतं. या खेपेला काय हवं आहे तेही तिला ठाऊक होतं. दोघांनी मिळूनच तर ते ठरवलं होतं.

ती चुलीपाशी गव्हाची खीर ढवळत होती. वीरेश पाणी प्यायच्या निमित्तानं आत आला आणि हळूच म्हणाला, "वैनी, आज तो इषय काडायचा बरं का. अप्पा हो म्हणलेत. तुमी बोललात की अण्णाला न्हाई म्हनता येनार न्हाई."

"जेवण तर होऊ द्या भावजी. कालपासनं पोटात काय न्हाई त्यांच्या."

"जेवतानाच बोला. जेवून उठले की ते थेट मिलीत जातेत."

बीडजवळच्या पालीच्या पुढं, मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागून अप्पांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, पंचाक्षरी अप्पांनी, सरकीच्या तेलाची मील उभी केली तेव्हा आजूबाजूला बाभळी होत्या. गेवराईकडच्या जिनिंगमधून सरकी यायची, मिलीत तेल निघायचं आणि नांदेडच्या राधाकिशनशेठचे टँकर ते घेऊन जायचे. शेठचा वनस्पती तुपाचा कारखाना होता. बीडचं सगळं सरकीचं तेल त्या कारखान्यात जिरायचं. मग शहाण्णव साली नेपाळशी करार झाला. तिकडं बनलेला माल इकडं आणायला आयात शुल्क नाही, असं ठरलं. बातमी आली तेव्हा घरात कुणी मान वर करून पाहिलंही नव्हतं. अप्पा तर हसून म्हणाले होते, "एवढासा देस त्यो. त्याचं भलं झालं तर आपलं काय जातंय?"

पण नेपाळात मलेशियाचं पामतेल उतरायला लागलं, तिथल्या कारखान्यांत त्याचं वनस्पती तूप व्हायला लागलं, आणि डबे ट्रकात भरून खाली यायला लागले. आधी बिहारात, मग नागपुरात, आणि बघता बघता मांजरसुंब्याच्या धाब्यांच्या दारात. गेल्या दिवाळीत राधाकिशनशेठनं कारखान्याला कुलूप लावलं. पालीची मील आपोआप थांबली. शेवटचं तेल टाकीत तसंच राहिलं, आणि उन्हं वाढतील तसं काळं पडत चाललं.

कावेरीचा नवरा सिद्धाराम मात्र थांबला नाही. इतर मीलवाल्यांना घेऊन तो दिल्लीला गेला. त्याच्या लेकीनं, अपेक्षानं, इंग्रजीत अर्ज लिहून दिले. करार संपतोय, नवा होताना त्यात वनस्पती तुपाला आळा घालणार, असं कुणीतरी त्याला दिल्लीत सांगितलं, आणि तेव्हापासून तो त्या एका वाक्यावर जगत होता. रोज सकाळी मिलीत जायचा. पट्ट्यांवरची धूळ झटकायचा. आणि पाळीच्या वेळी भोंगा वाजवायचा. माणूस नाही काणूस नाही, बंद मिलीचा भोंगा पालीभर घुमायचा.

महिन्याखाली धुळाजी घरी आला होता. अप्पांच्या वेळेपासून एक्सपेलरवर, तेल काढायच्या मशीनवर, काम करणारा माणूस. सिद्धाराम घरी नाही हे बघून आला होता. दाराबाहेरच उभं राहून तो कावेरीला म्हणाला, "अक्का, मालकास्नी सांगा, भोंगा वाजवू नका म्हनून. भोंगा झाला की आमच्या घरातली उठत्यात आन् भाकरी बांधू का म्हनत्यात."

त्या दिवशी कावेरी फुटली. दुसऱ्याच दिवशी तिनं वीरेशला हो म्हणून टाकलं. वीरेशनं नेपाळी डब्यांची बीड जिल्ह्याची एजन्सी घेतली होती आणि त्याला हमरस्त्यावर गोदाम हवं होतं. मिलीचे मोठाले शेड आयते होते. यंत्रं काढून विकायची, शेडमध्ये डबे लावायचे. नवरा दिल्लीत असताना सासरे, दीर आणि ती, तिघं याच बैठकीत बसून हे बोलले होते. नवरा परत आला तेव्हा तिनं त्याच्यासाठी पाणी तापवलं, पाठ चोळून दिली, आणि यातलं अक्षर बोलली नाही.

आज बोलायचं होतं.

लिंगपूजा आटोपून सिद्धाराम पाटावर येऊन बसला. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची चौकट, आणि गळपट्टीत मान ढिली पडलेली. त्याला सगळेच सदरे आता मोठे व्हायला लागले होते. अपेक्षा वाढायला आली. खीर, शेंगाच्या पोळ्या, वरण. अप्पांनी पहिला घास घेतला आणि ते घसा साफ करून म्हणाले, "सिद्धाराम, वीरेशचं काय म्हननं हाय ते जरा ऐकून घे. घरातलं समद्यांचं एक मत हाय."

सिद्धारामनं हात थांबवला. त्यानं वीरेशकडं पाहिलंच नाही. कावेरीकडं पाहिलं. "समद्यांचं?"

तिच्या हातातलं तुपाचं भांडं जड झालं. वीरेश तिच्या तोंडाकडं बघत होता. ती म्हणाली, "अहो, मी काय म्हनते—"

तेवढ्यात बाहेर जीप थांबली आणि दाराशी आरोळी आली, "सिद्धाराम! आरं कुटं हायस बे? जिकलास की गड्या!"

विठ्ठलराव वर्तमानपत्र झेंड्यासारखं धरूनच आत आले. उमापूरला त्यांची जिनिंग होती. सिद्धारामचे ते शाळासोबती, आणि पंचायत समितीत दोनदा निवडून आल्यापासून कुठल्याही घरात चपला घालूनच शिरायची त्यांना सवय लागली होती. आज मात्र त्यांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या.

"वाच. ह्ये बग, हितं. नेपाळच्या वनस्पती तुपाला मर्यादा. करार बदलला!"

सिद्धारामचा हात खरकटा होता. तो पेपर धरायला गेला आणि थबकला. अपेक्षानं पेपर घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागली. नवा करार झाला होता. वर्षाला ठरलेला कोटा, त्यापलीकडं एक डबाही बिनशुल्क येणार नव्हता. ती वाचता वाचता मध्येच थांबली. कावेरीनं पाहिलं, पोरीचे डोळे पुढच्या ओळींवरून फिरत होते, पण ओठ मिटलेले होते.

"वाच की पुढं," अप्पा म्हणाले.

"पुढं असंच आहे अप्पा. आकडे वगैरे." तिनं पेपरची घडी घातली.

पण पुढचं ऐकायला कुणी बसलंच नव्हतं. सिद्धाराम उठला. खरकट्या हातानंच त्यानं विठ्ठलरावांना मिठी मारली. तो रडत होता की हसत होता ते कळेना. मग त्याला काय आठवलं कुणास ठाऊक, तो एकदम सुटा झाला आणि म्हणाला, "तिकडचे आता बंद पडतील का रे?"

"कुठले?"

"नेपाळातले कारखाने. मी बॉर्डरवर गेलतो ना मागं, रक्सौलला. तिथं एका कामगारानं च्या पाजला. कारखान्याचा मालक हितलाच, कलकत्त्याचा, पर कामावर ती गरीब मानसं. त्यो मला म्हनला, तुमी तक्रार करायला आलात, मग आमी कुटं जायाचं?"

"मर बे तू," विठ्ठलराव म्हणाले. "सोताचं बग आदी."

सिद्धारामचं हे बोलणं ऐकून कावेरीनं हातातलं तुपाचं भांडं खाली ठेवलं. जिंकलेला माणूसही असा हळहळतो. दिवाळीपासून पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत जीव आलेला होता, आणि त्याच माणसाच्या पाठीमागं तिनं यंत्रं विकायचा बेत केला होता.

अप्पांनीही तेवढ्यात बाजू बदलली. "वीरेश," ते म्हणाले, "त्या गोदामाचं ऱ्हाऊ दे आता. मील सुरू व्हनार आसंल तर यंत्राला हात लावायचा न्हाई."

"कसलं गोदाम?" सिद्धारामनं विचारलं.

कावेरीनंच सांगितलं. "मिलीत डबे ठिवायचं म्हनत होते भावजी. मी बी हो म्हनले व्हते. आता न्हाई म्हनते."

सिद्धारामनं तिच्याकडं पाहिलं आणि मान हलवली, जसं काही तिनं खिरीत गूळ कमी पडल्याचं सांगितलं होतं. आज त्याला कशाचाच राग येत नव्हता. वीरेश मात्र खाली मान घालून पोळीचे तुकडे करत बसला होता. वैनी उलटल्या, बाप उलटला, तरी तो भांडत नव्हता. कावेरीला ते खटकलं. वीरेश न भांडता कधी हरत नसे.

विठ्ठलरावांनी तोवर फोन उचलून पालीच्या किराणा दुकानात निरोप दिला होता: धुळाजीला सांगा, मिलीपाशी समद्यांना बोलवा, दिवस पालटला.

मग सिद्धारामनं हात धुतले आणि नांदेडला राधाकिशनशेठला फोन लावला. वीरेशनंच आणलेला नवा फोन होता, बटण दाबलं की बोलणं साऱ्या खोलीला ऐकू येई. सिद्धारामनं ते बटण दाबलं. घरच्यांनीही ऐकावं म्हणून.

"अण्णा, कानाला लावून बोला," वीरेश पटकन म्हणाला.

"कावून? समदे आपलेच हायेत."

शेठचा आवाज आला, सर्दी झालेला, थकलेला. "सिद्धाराम, वाचलं रे मी पण. चांगलं झालं. पण लई उशीर झाला बेटा."

"उशीर कसला शेठ? टाकी भरलेली हाय. तुमी भट्टी पेटवा, टँकर धाडा."

"भट्टी कुठं राहिली? बॉयलर उतरवला. यंत्रं गेली बंदरावर." शेठ खोकले. "मी कोलंबोला चाललो. तिथं जागा घेतली. लंकेशी बी करार आहे ना आपला, तिथं डबा बनवला की इथं शुल्क नाही. पामतेल बोटीतून उतरलं की दारातच कारखाना. नेपाळवाले जे करत होते तेच मी करणार. दुसरा रस्ता नाही राहिला."

"आन् सरकीचं तेल, शेठ?"

"ते आता कोण घेतो बेटा?" शेठ म्हणाले. मग जरा आश्चर्यानं, "मी तर वीरेशला सगळं सांगितलं होतं. पुढं माझ्या लंकेच्या डब्याची एजन्सी पण त्यालाच देणार आहे. त्यानं सांगितलं नाही तुला?"

सिद्धारामनं बटण पुन्हा दाबून बोलणं बंद केलं. मग फोन सरळ करून ठेवला, वायरचा पीळ सोडवला.

"भावजी," कावेरी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तुमाला ठाव व्हतं?"

वीरेशनं वर पाहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते. "व्हतं. संक्रांतीपासनं व्हतं. सांगून काय करनार व्हतो वैनी? अण्णा दिल्लीच्या नावावर उभे व्हते. त्ये बी काडून घिऊ का?"

"मग लंकेच्या डब्याची एजन्सी कावून घेतली?"

"कुनीतरी घेनारच व्हतं!" तो ओरडला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "घरात एकाचं तरी चालाया नको का?"

त्यात खोटं काही नव्हतं, आणि खरंही पुरतं नव्हतं. अप्पा थोरल्याकडून धाकट्याकडं आणि धाकट्याकडून थोरल्याकडं बघत राहिले, आणि अखेर ताटाकडं बघायला लागले. अपेक्षा बापाजवळ जाऊन उभी राहिली. "बाबा, त्या बातमीतही कोटा फार मोठा आहे, डबे येतच राहणार," ती हलकेच म्हणाली. "मला वाचवेना."

"बरं केलंस," तो म्हणाला.

तो पाटावर परत बसला आणि जेवला. खीर मागून घेतली, पोळी मागून घेतली, वरण ओरपलं. इतका तो कित्येक महिन्यांत जेवला नव्हता. कावेरीला भीती वाटली. हात धुऊन तो म्हणाला, "जातो. मानसं आली असतील तितं."

"मी येते," ती म्हणाली.

अंगणात सिद्धाराम स्कूटरला किक मारत होता. चप्पल घालता घालता तिला बैठकीतून विठ्ठलरावांचा आवाज ऐकू आला, खालच्या पट्टीतला: "वीरेश, त्या लंकेच्या डब्याची गेवराई तालुक्याची एजन्सी दिली का रे अजून कुनाला?"

पालीला फाटकापाशी सगळी जमली होती. माणसं अंघोळी करून आली होती. कुणी शिवरात्रीचाच धुतला सदरा पुन्हा घातला होता. सरकी निवडणाऱ्या बायकांची मुकादमीण सत्यभामा ताटात हळद-कुंकू आणि नारळ घेऊन पुढं उभी होती. गोदामात दिवाळीपासून पडलेली सरकी धुळाजीनं मशीनच्या तोंडाशी ओढून ठेवली होती.

स्कूटरवर कावेरीनं मनाशी ठरवलं होतं की हे सांगतील तेव्हा आपण त्यांच्या शेजारी उभं राहायचं. फाटकातून आत येताना तिनं त्याच्या दंडाला हात लावला. तो पुढं झाला. तो बोलायला तोंड उघडणार तोच सत्यभामा म्हणाली, "मालक, नेपाळचं राज्य हालवलंत म्हनं तुमी!" आणि सगळे हसले. चार महिने न हसलेली माणसं, ती हसायला लागली ती थांबेचनात.

सिद्धाराम त्या हसण्याकडं बघत राहिला.

"फोडा नारळ," तो म्हणाला.

"अहो," कावेरीनं त्याची बाही ओढली.

"आजचा दिस," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "एक दिस चालू दे. उद्या सांगतो मी."

नारळ मशीनवर फुटला. सत्यभामानं पट्ट्याला, चाकाला, धुळाजीच्या कपाळाला आणि कावेरीच्या कपाळाला कुंकू लावलं. धुळाजीनं बटण दाबलं. मशीन आधी कण्हलं, मग धरलं, आणि पायाखालची फरशी थरथरायला लागली. सरकी आत गेली, पेंडीची साल बाहेर पडायला लागली, आणि थोड्या वेळानं खालच्या पन्हाळीत तेलाची धार आली. ताजी, तांबूस. सगळ्यांनी बोटं बुडवून एकमेकांच्या हाताला लावली. एका म्हाताऱ्यानं केसांना चोपडलं. सिद्धाराम मशीनजवळ उभा राहून आवाज ऐकत होता, मान थोडी तिरकी करून. अप्पांनी त्याला लहानपणी इथंच उभं करून मशीनचं दुखणं कानानं ओळखायला शिकवलं होतं.

कावेरीला वाटलं, हे संपू नये. आणि हे लगेच संपावं, असंही वाटलं. प्रत्येक हसऱ्या तोंडाला आपण फसवतोय, हे तिला सहन होईना, आणि नवऱ्याच्या तोंडावरचं ते समाधान मोडायची तिची छाती होईना.

उन्हं कलायच्या आधीच धुळाजी हात पुसत आला. मशीनच्या आवाजावर ओरडून म्हणाला, "मालक, टाकी गळ्याला आली! जुनंच तेल हाय आत. टँकर कवा येतोय? ह्ये कुटं सोडू?"

सिद्धारामनं त्याच्याकडं पाहिलं.

"मालक? कुटं सोडू?"

धार चालूच होती. बायका वळून बघायला लागल्या. सिद्धारामचा हात हवेत वर गेला, टाकीकडं, मग रस्त्याकडं, मग तसाच खाली आला.

"धुळाजीभाऊ," कावेरी म्हणाली, "मशीन बंद करा."

"आं?"

"बंद करा. टँकर येनार न्हाई. कारखाना न्हाई ऱ्हायला. लंकेला गेला."

धुळाजीला अर्धंच ऐकू गेलं असावं, पण तिचं तोंड त्याला दिसलं. त्यानं जाऊन बटण दाबलं. चाक आणखी थोडा वेळ स्वतःच्याच वेगानं फिरलं आणि थांबलं. त्यानंतरच्या शांततेत तिला सगळं पुन्हा सांगावं लागलं, पहिल्यापासून: करार बदलला हे खरं, पण उशिरा बदलला, शेठनं कारखाना उचलून दुसऱ्या देशात नेला, तिथूनही बिनशुल्क डबे येणार, आपलं तेल आता कुणाला नको. तिनं कुणाला दोष दिला नाही. वीरेशचं नाव काढलं नाही.

"मग मशीन कावून सुरू केली?" मागून एकानं विचारलं. रागानं नाही, नुसतं विचारलं.

तिनं वळून पाहिलं. सिद्धाराम खांबाला टेकून उभा होता, हातावर तेल तसंच.

सत्यभामानं ताट उचललं. त्यात नारळाचे तुकडे होते, प्रसाद वाटायचा राहून गेला होता. ती ताट घेऊन कावेरीपाशी आली आणि म्हणाली, "अक्का, देवाचं हाय. टाकता येत न्हाई. तुमच्या हातानं द्या."

कावेरी फाटकापाशी उभी राहिली. माणसं एकेक करून बाहेर पडायला लागली. ती प्रत्येकाच्या तळहातावर तुकडा ठेवत होती, आणि प्रत्येकजण तो कपाळाला लावून, तिच्याकडं न बघता, रस्त्याच्या कडेनं पालीकडं चालायला लागत होता. शेवटी धुळाजी गेला. त्याच्यामागं सत्यभामा.

ताटात थोडेसे तुकडे उरले होते. पुढं आणखी एक हात आला. तेलानं माखलेला, उजवा, पसरलेला. तिनं वर पाहिलं. सिद्धाराम रांगेत आला होता, कामगारांच्या मागं, आपली पाळी आली म्हणून.

तिनं त्याच्या हातावर तुकडा ठेवला. त्यानं तो कपाळाला लावला आणि फाटकाबाहेर पडला.